सावली की खड्डा? रंग आणि खोलीची गोष्ट





आजचा प्रश्न छोटा आहे. जग आपल्याला भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं सपाट दिसत नाही. काही जवळ दिसतं, काही दूर, काही फुगीर, काही खोलगट. खोलीच्या या जाणिवेत रंगाचा वाटा काय?

हा प्रश्न विचारला की साधारण दोन उत्तरं मिळतात. एक म्हणजे, "काहीच नाही. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सिनेमात जवळचं-दूरचं कळायचंच की." दुसरं उत्तर चित्रकलेच्या वर्गात शिकवतात, "लाल-पिवळे रंग पुढे येतात, निळे मागे जातात, म्हणजे रंगावरच सगळं आहे." दोन्ही उत्तरांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. रंग अंतर मोजत नाही, किंवा फार थोडं मोजतो. त्याचं खरं काम वेगळं आहे, आणि ते कळलं की जिन्याच्या पायरीपासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत बऱ्याच गोष्टींकडे आपण वेगळ्या नजरेनं बघायला लागतो.

आधी रंग पूर्ण काढून टाकू आणि काय उरतं ते पाहू.

१९५९ सालचा गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' आठवा. छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचं. अंधाऱ्या स्टुडिओत वरून तिरका उतरणारा तो प्रकाशाचा झोत अनेकांच्या डोळ्यांपुढे असेल. पडदा सपाट, रंग एकही नाही, तरीही तो स्टुडिओ केवढा खोल वाटतो.

आता वेरूळला जाऊ. कैलास लेणं एकाच डोंगरातून, एकाच काळ्या बसाल्ट दगडात कोरलेलं आहे. कधीकाळी त्यावर गिलावा होता, रंग होते, ते आता बहुतेक गळून गेले. आज समोर उरलाय तो एकरंगी दगड. तरी रावण कैलास हलवतोय त्या शिल्पात कुठला हात पुढे आहे आणि कुठला मागे, हे आपल्याला कुणी सांगावं लागत नाही. उजेड एका बाजूनं येतो, उंचवटा उजळतो, खोलगट भाग काळवंडतो. एवढ्या चढउतारावरून मेंदू आकार उभा करतो.

याशिवाय मेंदूकडे इतर साधनंही आहेत. आपल्या दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना किंचित वेगळी चित्रं दिसतात आणि त्या फरकातून खोली कळते. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते. रेल्वेचे रूळ लांब जाता जाता एकत्र आल्यासारखे दिसतात. गाडीच्या खिडकीतून पाहताना विजेचे खांब झपझप मागे पळतात आणि डोंगर सावकाश सरकतो. यातल्या एकाही खुणेला रंगाची गरज नाही.

मग उलट प्रश्न विचारू. रंग ठेवला आणि उजळ-गडदपणाचा फरक काढून टाकला तर? म्हणजे असं चित्र, ज्यात लाल आहे, हिरवा आहे, पण दोघांचा उजळपणा अगदी सारखा. कृष्णधवल फोटो काढला तर सगळं एकसारखं करडं दिसेल असं चित्र.

हा प्रयोग झालेला आहे. त्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. १८३८ मध्ये चार्ल्स व्हीट्स्टन यांनी स्टीरिओस्कोप जगापुढे आणला. दोन डोळ्यांना दोन वेगळी रेखाचित्रं दाखवली की त्यातून उठावाचं एकच चित्र दिसतं, हे त्यांनी सिद्ध केलं. १९६० मध्ये बेल लॅब्जमधल्या बेला युलेश यांनी संगणकावर नुसते विस्कळीत काळे-पांढरे ठिपके छापले. एका डोळ्यानं पाहिलं तर त्यात काहीच नाही. दोन्ही डोळ्यांना आपापलं चित्र दाखवलं की मधला चौकोन हवेत तरंगायला लागतो. मग १९७२ मध्ये लू आणि फेंडर या संशोधकांनी तेच ठिपके काळ्या-पांढऱ्याऐवजी सारख्या उजळपणाच्या दोन रंगांत केले. ठिपके स्पष्ट दिसत होते, रंगही दिसत होते, पण चौकोन काही वर येईना. १९८७ मध्ये मार्गारेट लिव्हिंगस्टन आणि नोबेल विजेते डेव्हिड ह्युबल यांनी दाखवलं की अशा चित्रांत खोलीच्या इतर खुणाही लुळ्या पडतात. पुढच्या प्रयोगांनी यात थोडी दुरुस्ती केली. नुसत्या रंगावरून खोली अजिबात कळत नाही असं नाही, पण ती जाणीव फार दुबळी असते.

असं का? कारण आपली दृष्टी बारीक तपशील मुख्यतः उजळपणातून टिपते आणि रंग जाड कुंचल्यानं भरते. याचा फायदा अभियंत्यांनी केव्हाच घेतला आहे. तुम्ही आत्ता हा व्हिडिओ बघत असाल तर त्यात प्रत्येक बिंदूचा उजळपणा वेगळा साठवलेला असतो, पण रंग मात्र साधारणपणे चार बिंदूंत मिळून एकच. डेटा वाचतो आणि तुम्हा-आम्हाला पत्ताही लागत नाही.

इथपर्यंत ऐकून वाटेल, चला, पहिलं उत्तर बरोबर ठरलं. रंगाचा खोलीशी संबंध नाही, विषय संपला. पण खरी गंमत इथून पुढे आहे.

उजळपणावर एवढा भरवसा ठेवायचा तर एक अडचण येते. उजळपणा बदलतो तो अनेक कारणांनी. जमिनीवर एक काळा डाग दिसला, तर तो काय असू शकतो? खड्डा असेल, म्हणजे पृष्ठभागच खाली गेलाय. सावली असेल, म्हणजे पृष्ठभाग सपाट आहे, फक्त उजेड अडलाय. किंवा तिथे कुणी तेल सांडलं असेल, रंग लावला असेल, म्हणजे पृष्ठभागही सपाट आणि उजेडही तोच, फक्त वस्तू वेगळी. डोळ्यावर पडणारा प्रकाश तिन्ही बाबतीत कमीच होतो. नुसत्या काळ्या-पांढऱ्यात या तीन गोष्टी वेगळ्या कशा करायच्या?

वेरूळला हा प्रश्न येत नाही, कारण दगड सगळा एकच. जिथे काळोखी तिथे खोलवा, असं बिनधास्त धरता येतं. पण रोजचं जग एका दगडात कोरलेलं नाही. त्यात भिंत आहे, भिंतीवरचा डाग आहे, समोरच्या झाडाची सावली आहे, वर कुणीतरी चिकटवलेली जाहिरात आहे.

इथे रंग कामाला येतो. त्यामागचा तर्क अगदी सरळ आहे. गवतावर सावली पडली तर गवत गडद होतं, पण हिरवंच राहतं. विटांच्या भिंतीवर सावली पडली तर ती लालच राहते. म्हणजे उजळपणा बदलला आणि रंग तोच राहिला, तर तो बहुधा उजेडाचा खेळ असतो, सावलीचा किंवा उंच-सखलपणाचा. आणि उजळपणा व रंग एकाच रेषेवर, एकदम बदलले, तर तिथे बहुधा वस्तूच बदललेली असते.

मेंदू खरोखर हा तर्क वापरतो का? कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले फ्रेडरिक किंगडम यांनी २००३ मध्ये याची सुंदर चाचणी घेतली. असं समजा, पडद्यावर उजळ-गडद, उजळ-गडद असे मऊ कडांचे तिरके पट्टे आहेत. आता त्यावर लाल-हिरव्या रंगाचे पट्टे असे बसवले की प्रत्येक रंगाचा पट्टा उजळ-गडद पट्ट्यावर तंतोतंत येईल. चित्र सपाट दिसतं, रंगवलेल्या कापडासारखं. मग रंगाचे तेच पट्टे दुसऱ्या दिशेनं वळवले, म्हणजे उजळ-गडद पट्टे एका बाजूला तिरके आणि रंगीत पट्टे दुसऱ्या बाजूला. आणि सपाट चित्र एकदम फुगतं! पन्हळी पत्र्यासारखे उंचवटे आणि खाचा दिसायला लागतात. उजळ-गडद पट्ट्यांना कुणी हातही लावलेला नाही. फक्त रंगानं साथ सोडली, तेवढ्यावरून मेंदूनं निकाल दिला की हा रंगकामाचा फरक नाही, हा आकार आहे.

आजच्या भाषणातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. रंग स्वतः खोली दाखवत नाही. उजळ-गडदपणाचं जे गाठोडं डोळ्यात येतं, त्यातलं सावलीचं किती, आकाराचं किती आणि वस्तूच्या अंगच्या रंगाचं किती, ही वाटणी करायला तो मदत करतो. साक्ष उजळपणा देतो, आणि त्या साक्षीचा अर्थ कसा लावायचा ते रंगाकडून कळतं.

हे रस्त्यावर तपासून पाहा. दुपारची वेळ आहे, दोन्ही बाजूंना झाडं आहेत आणि डांबरी रस्त्यावर कवडशांची जाळी पडलीय. त्यातून दुचाकीवर जाताना समोर एक गडद ठिपका दिसतो. तो खड्डा असेल आणि त्यातून खालचा तांबूस मुरूम उघडा पडला असेल, तर रंग लगेच खबर देतो की इथे रस्त्याचा थर निघालाय. पण काही वेळा रंगही गप्प बसतो. डांबराचं नवं ठिगळ, डांबरातलाच उथळ खड्डा आणि झाडाची सावली, तिन्ही करड्याच. अशा ठिकाणी चांगल्या डोळ्यांचा माणूसही ब्रेकवर पाय ठेवतो. आणि रात्री जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली सगळेच रंग जवळजवळ मिटून जातात. रंगाकडून मिळणारी ही मदत तिथे आटते.

माणसाच्या डोळ्यात ही सोय आली कुठून? आपल्या दृष्टिपटलावर साधारण ६० लाख शंकूपेशी असतात. त्या तीन प्रकारच्या. कुत्रा, गाय, हरीण यांच्याकडे दोनच प्रकार आहेत. आशिया-आफ्रिकेतली माकडं, वानरं आणि आपण यांच्या पूर्वजांना तिसरा प्रकार साधारण तीन-चार कोटी वर्षांपूर्वी मिळाला. का मिळाला यावर वाद आहे. पिकलेली फळं शोधायला असं काही जण म्हणतात, कोवळी तांबूस पालवी शोधायला असं काही जण. पण दोन्ही गोष्टी घडतात एकाच जागी, झाडाच्या गर्दीत. तिथे एक पान उन्हात, एक सावलीत, एक पुढे, एक मागे. उजळपणाचा नुसता कल्लोळ. अशा कल्लोळात लाल-हिरव्याचा फरक मात्र बराच स्थिर राहतो, कारण ऊन-सावलीनं तो फारसा हलत नाही.

कोकणात रातांब्याच्या झाडाखाली उभं राहून पाहिलंत तर हे कळेल. पिकलेलं लाल फळ हिरव्या पाल्यातून पटकन सुटं होतं. ते सुटं झालं, त्याची कड पक्की झाली, की मग ते कुठल्या फांदीच्या पुढे आहे आणि किती हात लांब आहे हे दोन डोळे सांगू शकतात. आधी वस्तू वेगळी करायची, मग तिचं अंतर काढायचं. उलट बाजूनं पाहायचं तर वाघ बघा. आपल्याला तो गवतात केशरी दिसतो. दोन शंकूंच्या हरणाला तो केशरी रंग हिरव्या-पिवळ्याच्याच कुळातला वाटतो. पट्टे गवताच्या काड्यांत मिसळतात, कड सापडत नाही, आणि कड सापडली नाही की तो किती जवळ आलाय हेही कळत नाही.

एकमेकांत मिसळलेल्या चित्रांत रंगाचा आणखी एक उपयोग होतो. समजा समोर बांबूचा पडदा आहे, सगळ्या काड्या एकसारख्या. डाव्या डोळ्यातली कुठली काडी उजव्या डोळ्यातल्या कुठल्या काडीशी जुळवायची, असा पेच मेंदूपुढे पडतो. जुळणी चुकली तर अंतरही चुकतं. काड्या वेगवेगळ्या रंगांच्या असतील तर ही जोडी लावणं सोपं जातं, असं प्रयोगांत दिसलं आहे. इथेही रंग मोजणी करत नाही, मोजणाऱ्याला मदत करतो.

आता दूरच्या अंतराकडे वळू. इथे मात्र रंग स्वतः थोडं बोलतो.

महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवरून पाहिलंत तर पहिली डोंगररांग हिरवी, तिच्यामागची निळसर, त्याच्या मागची आणखी फिकट निळी. सगळ्या रांगांवरची झाडी जवळून हिरवीच आहे. निळेपणा येतो मधल्या हवेतून. हवेचे रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात. लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडलेल्या गणितानुसार निळा प्रकाश लाल प्रकाशाच्या साधारण चौपट विखुरला जातो. डोंगर आणि आपण यांच्यामध्ये जितकी जास्त हवा, तितका हा निळा पडदा दाट. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या टिपणांत चित्रकारांना हेच सांगितलं होतं, जितकी इमारत लांब दाखवायची तितकी ती जास्त निळी रंगवा.

पण यातही बारकावा आहे. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी तपासलं की रंगाचा नेमका कुठला बदल मेंदू अंतर म्हणून वाचतो. रंगाचा भडकपणा हळूहळू उतरत गेला, लालाचा करडा होत गेला, तर पृष्ठभाग मागे जातोय असं वाटतं. नुसता लालाचा हिरवा होत गेला तर तसं वाटत नाही. हे सृष्टीशी जुळतं. अंतरामुळे रंग धुऊन निघतो, लालाचा हिरवा होत नाही.

ही खूण हवेवर अवलंबून आहे, म्हणून ती फसवतेही. मैदानी प्रदेशातला माणूस पहिल्यांदा लेहला जातो तेव्हा समोरचा डोंगर त्याला चालत गाठण्याइतका जवळ वाटतो. हवा विरळ आणि कोरडी, निळा पडदा जवळजवळ नाहीच. मेंदू मात्र जुन्याच सवयीनं हिशेब करतो. उत्तर भारतातल्या दाट धुक्यात याच्या उलट होतं. जवळचीच वस्तू फिकट दिसते आणि म्हणून दूरची वाटते.

आता चित्रकलेच्या वर्गातला तो दुसरा दावा घेऊ, लाल पुढे आणि निळा मागे. त्याचा एक भाग या निळ्या डोंगरांतून आलाय. दुसरा भाग आपल्या डोळ्यातच आहे आणि तो तुम्ही घरी पाहू शकता.

फोनच्या किंवा संगणकाच्या काळ्या पडद्यावर भडक लाल आणि भडक निळी अक्षरं शेजारी शेजारी काढा आणि हातभर अंतरावरून दोन्ही डोळ्यांनी पाहा. बहुतेकांना लाल अक्षरं थोडी पुढे तरंगताना दिसतील. काहींना बरोबर उलट दिसेल आणि काहींना काहीच फरक जाणवणार नाही. तिघांचेही डोळे ठीक आहेत. आता एक डोळा मिटा. परिणाम गेला.

कारण असं आहे. काचेच्या लोलकातून निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वळतो, तसंच डोळ्यातही होतं. शिवाय आपण ज्या रेषेत पाहतो ती रेषा भिंगाच्या बरोबर मधून जात नाही, थोडी तिरकी जाते. त्यामुळे एकाच अंतरावरच्या लाल आणि निळ्या ठिपक्यांची चित्रं दृष्टिपटलावर किंचित सरकून पडतात, दोन डोळ्यांत विरुद्ध दिशांना. मेंदूला दोन डोळ्यांतला असा फरक म्हणजे खोली, म्हणून तो खोली दाखवतो. दोन व्हिजिटिंग कार्डं घेऊन दोन्ही बाहुल्यांचा बाहेरचा अर्धा भाग झाका, मग आतला अर्धा भाग झाका. पुढे-मागेची ओढ एकदा एका बाजूला आणि एकदा दुसऱ्या बाजूला जाते. दिवाळीत, गणपतीत लाल-निळ्या एलईडी माळा पाहताना डोळ्यांना जे विचित्र वाटतं, त्यात याचा हात आहे.

पण ज्या दोषामुळे हा भास होतो तोच दोष डोळा कामालाही लावतो. दृश्य प्रकाशाच्या निळ्या टोकापासून लाल टोकापर्यंत आपल्या डोळ्याच्या फोकसमध्ये साधारण दोन डायॉप्टरचा फरक असतो. चष्म्याच्या दोन नंबरांएवढा! लाल अक्षर स्पष्ट असताना निळं थोडं धूसर असतंच. वस्तू फोकसच्या पुढे आहे की मागे, त्यानुसार तिच्या कडेला येणारी धूसर रंगझालर बदलते. भिंग कुठल्या दिशेनं हलवायचं, याचा इशारा त्या झालरीतून मिळतो. एकाच रंगाच्या शुद्ध प्रकाशात हा इशारा नाहीसा होतो आणि बऱ्याच लोकांचं भिंग नेमकं जुळत नाही. भिंगावर पडणारा हा ताण दोनेक मीटरच्या आत अंतराची थोडी माहिती देतो. सुईत दोरा ओवताना, फार लांबचं बघताना नाही.

याच युक्तीचा कळस एका कोळ्यानं केलाय. हसॅरियस अडान्सोनी हा घराच्या भिंतीवर दिसणारा छोटा उडी मारणारा कोळी. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की तो आपल्या दृष्टिपटलाच्या एका थरावरच्या धूसरपणावरून भक्ष्याचं अंतर काढतो. त्याचं हे गणित हिरव्या प्रकाशासाठी बेतलेलं. हिरव्या उजेडात त्याची उडी अचूक पडली. लाल उजेडात तो दर वेळी अलीकडेच पडला.

माणूस असा पडत नाही, कारण त्याच्याकडे एकाच वेळी दहा खुणा असतात. आणि म्हणूनच आता ज्यांना रंग वेगळे दिसतात त्यांच्याविषयी बोलायला हवं.

रंगांधळेपणा म्हणजे सगळं काळं-पांढरं दिसणं, हा मोठा गैरसमज आहे. बहुतेकांना लाल-हिरव्याच्या काही छटांत घोटाळा होतो, निळा-पिवळा नीट दिसतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के जण असे असतात. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे स्त्रियांमध्ये प्रमाण खूपच कमी. अशा माणसाला अंतर कळतं का? उत्तर आता तुम्हीच देऊ शकता. दोन डोळ्यांचा फरक, झाकणं, आकार, हालचाल, सावली, ही सगळी साधनं त्याच्याकडे शाबूत आहेत. कमी पडतं ते एवढंच की हिरव्या पाल्यातलं लाल फळ सुटं करायला आणि लाल-हिरव्याच्या ठिकाणी सावली आणि डाग यांची वाटणी करायला त्याला जरा जास्त मेहनत पडते. काही वेळा तर त्याचीच सरशी होते. १९९२ मध्ये मॉर्गन, अ‍ॅडम आणि मॉलन यांनी नक्षीत एक आकार लपवला आणि त्यावर लाल-हिरवे रंग कसेही पसरून दिले. पूर्ण रंगदृष्टीची माणसं रंगांच्या गोंधळात अडकली, आणि रंगांध माणसांना तो आकार दिसला.

इशिहारा यांच्या ठिपक्यांच्या चकत्या १९१७ पासून चालत आलेल्या आहेत. त्यात आकडा दिसला नाही की पोरगं "डोळ्यानं अधू" असा शिक्का बसतो. सिग्नलचा रंग ओळखणं हेच ज्या नोकरीचं काम आहे, तिथे ही चाचणी लागणारच. पण रंग ओळखणं वेगळं आणि अंतर ओळखणं वेगळं. हा फरक नियमांतही हळूहळू येतोय. जून २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन नियमांतले अर्ज बदलले आणि सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना ड्रायव्हिंग लायसन्सची वाट मोकळी केली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटला रंगांध उमेदवारांसाठी सगळे अभ्यासक्रम खुले करायला सांगितलं. तुमच्या घरात, शेजारात असा मुलगा असेल, तर त्याला नेमकं काय दिसत नाही आणि काय उत्तम दिसतं, हे आधी विचारा. त्याच्या पुढच्या वाटा त्यानंतर ठरवा.

शेवटचा मुद्दा जिन्याचा, आणि तो आपल्या सगळ्यांच्या आई-वडिलांचा आहे.

पायरीची कड दिसली नाही की म्हातारं माणूस पडतं. म्हणून आपण कडेला पट्टी मारतो. पण ती निवडताना आपण रंग बघतो, उजळपणा बघत नाही. लाल कोब्यावर गडद हिरवी पट्टी, तपकिरी लाकडावर किरमिजी कारपेट. रंग वेगळे, पण उजळपणा जवळजवळ सारखा. आणि आपण आत्ताच पाहिलं की नुसत्या रंगाच्या फरकावर खोलीची जाणीव किती दुबळी असते. त्यात संध्याकाळची वेळ आली की आणखी एक गोष्ट घडते. उजेड उतरला की डोळ्यातल्या दंडपेशी काम हाती घेतात, आणि लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसत नाही. काळसर शहाबादी पायरीवरची लाल पट्टी दिवसा छान उठून दिसते. दिवेलागणीला ती काळी पडते आणि पायरीत विरघळून जाते. वयाबरोबर डोळ्याचं भिंगही पिवळं आणि धूसर होत जातं, त्याची यात भर पडते.

यावरचा उपाय फुकट आहे. आज संध्याकाळी घरातल्या, सोसायटीतल्या, देवळातल्या जिन्याचा फोनवर एक फोटो काढा. वरून खाली उतरताना दिसतो तसा. मग त्या फोटोतला रंग काढून तो कृष्णधवल करा. प्रत्येक पायरीची कड स्पष्ट दिसली तर जिना ठीक आहे. कडा नाहीशा झाल्या, तर पट्टी कितीही भडक असली तरी ती बदला. गडद पायरीला फिकट पिवळी किंवा पांढरी, फिकट पायरीला काळी. आणि जिन्यात एक दिवा वाढवा.

फोटो काढायला विसरू नका.